गेटिसबर्गला पहिला आरव्ही मुक्काम: बुकिंगपासून टाक्या रिकाम्या करेपर्यंत

न्यू जर्सी, मेरीलँड किंवा व्हर्जिनियात राहणारी बहुतेक मराठी कुटुंबं पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग एका दिवसात उरकतात. सकाळी निघायचं, अकराला पोचायचं, म्युझियममध्ये दुपार जाते, दोन-चार पुतळ्यांपाशी फोटो काढायचे आणि पाचला परत. एवढ्यात जागा पाहून होते, लढाई मात्र कळत नाही. अमेरिकन यादवी युद्धातली, उत्तरेचं युनियन आणि दक्षिणेचं कॉन्फेडरेट सैन्य यांच्यातली ही लढाई १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस चालली आणि रोज वेगळ्या भागात पेटली. दोन्ही बाजू मिळून मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता असे सुमारे ५१,००० सैनिक या शेतांत आणि टेकड्यांवर खर्ची पडले. हे नीट समजून घ्यायचं तर सकाळचे आणि संध्याकाळचे तास हाताशी हवेत, म्हणजेच मुक्काम हवा. किमान दोन रात्री, जमल्यास तीन.

आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी (मोटारहोम) किंवा ट्रेलर, पहिल्यांदाच घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ठरवून टाकावी. आरव्ही राहायला आहे, रणभूमी फिरायला नाही. एकदा जागेवर लावली की निघायच्या दिवसापर्यंत ती हलणार नाही, असं गृहीत धरूनच बाकीचं ठरवा. मोटारहोम हलवायचं म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी सगळं सोडवायचं, सामान बांधायचं आणि परत आल्यावर तेच सगळं पुन्हा जोडायचं. यात सहज तासभर जातो. शिवाय रणभूमीवरचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि बऱ्याच ठिकाणी एकेरी आहेत, तिथे २८ फुटी गाडी उभी करायला जागा मिळत नाही. म्हणून एक साधी कार बरोबर हवीच. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर एकाने आरव्ही चालवावी आणि दुसऱ्याने मागून कार आणावी. ट्रेलर ओढून नेणार असाल तर प्रश्नच नाही, ट्रेलर सोडला की ओढणारी गाडी मोकळी.

कधी जायचं

एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. थंडीत बरेच कॅम्पग्राउंड बंद असतात किंवा नळ गोठू नयेत म्हणून पाणी तोडलेलं असतं. जुलैचा पहिला आठवडा लढाईच्या स्मरणाचा आणि ४ जुलैच्या सुट्टीचाही. त्यासाठी कित्येक महिने आधी बुकिंग करावं लागतं, ऊनही कडक असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मे किंवा सप्टेंबरअखेर बघा. हवा बरी असते आणि झाडी दाट असली तरी चालताना जीव कासावीस होत नाही. नोव्हेंबरच्या १९ तारखेला लिंकनच्या भाषणाचा स्मृतिदिन असतो. तेव्हा गावात गर्दी होते, पण रात्री बोचरी थंडी पडते, त्यामुळे पहिल्या आरव्ही सहलीसाठी ती वेळ नको.

जागा कशी निवडायची

गेटिसबर्ग नॅशनल मिलिटरी पार्कच्या हद्दीत आरव्हीचा मुक्काम करता येत नाही. आतला मॅकमिलन वुड्स हा तळ फक्त युवक संघटनांच्या गटांसाठी आणि तोही तंबूंचा. आपल्याला पार्कबाहेरचे खासगी आरव्ही रिसॉर्ट घ्यावे लागतात. ते गावाच्या चारही बाजूंना आहेत. दक्षिणेकडच्या टॅनीटाऊन रोड किंवा बाल्टिमोर पाईकच्या बाजूला जागा मिळाली तर व्हिजिटर सेंटर आणि रणभूमीवरची लिटल राउंड टॉप टेकडी दोन्ही जवळ पडतात. पश्चिमेला कॅलेडोनिया स्टेट पार्क हा शांत आणि स्वस्त पर्याय आहे, पण रोज येता-जाता हायवे ३० वरून वीस-पंचवीस मिनिटं धरा. तिथे रिसॉर्टसारख्या सोयींची अपेक्षा नको, सावली मात्र भरपूर. याच कॅलेडोनियात थॅडियस स्टीव्हन्स यांची लोखंडाची भट्टी होती. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक, म्हणून जून १८६३ मध्ये कॉन्फेडरेट जनरल जुबल अर्लीच्या सैन्याने ती जाळली. म्हणजे इथे राहिलात तरी इतिहासापासून लांब नाही.

बुकिंग करताना गाडीची खरी लांबी सांगा. भाड्याच्या जाहिरातीत '२५ फुटी' लिहिलेली गाडी मागचा बंपर आणि शिडी धरून सत्तावीस भरते. मग पुढचे प्रश्न विचारा:

- जागा पुल-थ्रू (एका बाजूने शिरून पुढूनच बाहेर पडायची) आहे की मागे घेऊन लावायची? पहिल्या वेळी पुल-थ्रूच घ्या. थोडे पैसे जास्त पडतात, पण दिवसभर चालवून आल्यावर संध्याकाळी अनोळखी जागेत गाडी मागे घेण्याची झटापट वाचते.
- वीज ३० अँपिअर की ५०? गाडीचा प्लग तीन पिनांचा असेल तर ३०, चार पिनांचा असेल तर ५०.
- सांडपाण्याचं भोक जागेवरच आहे का? 'फुल हुकअप' म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही. फक्त वीज-पाणी असेल तर टाक्या रिकाम्या करायला गाडी डंप स्टेशनपर्यंत न्यावी लागेल.
- एका जागेवर माणसं किती आणि दुसरी कार लावता येते का? तीन कुटुंबं एकाच जागेत कोंबली तर ऑफिसमधून माणूस येतोच आणि जास्तीचे पैसे लागतात.

शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सात-आठ असते आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. गप्पांची मैफल रंगली तरी दहानंतर स्पीकर बंद.

गाडी आणि रस्ता

पहिल्या वेळी २२ ते २५ फुटी क्लास सी मोटारहोम भाड्याने घ्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो तो प्रकार. साधं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. मात्र तुमच्या कारचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं नाही, विमा कंपनीला विचारून लेखी उत्तर घ्या. गाडी ताब्यात घेताना मालक सगळं भराभर दाखवतो, ते अख्खं फोनवर चित्रित करून ठेवा. छतावरचे ओरखडे, टायर, जनरेटरच्या तासांचा आकडा, टाक्यांची पातळी हेही त्यात येऊ द्या.

गाडीची उंची कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. साधारण ११ ते १२ फूट असते. न्यूयॉर्ककडून येणाऱ्यांनी पार्कवे टाळावेत. तिथले पूल बुटके आहेत आणि अशा गाड्यांना बंदी आहे. प्रोपेन गॅसच्या टाक्या असल्यामुळे हॉलंड आणि लिंकन टनेल चालत नाहीत, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजचा वरचा मजला घ्या. बाल्टिमोरच्या दोन्ही बंदराखालच्या बोगद्यांनाही हाच नियम. फोनवरचा नेहमीचा नकाशा यातलं काहीच सांगत नाही.

एडिसनच्या बाजूने येताना ७८ पश्चिम, मग ८१ दक्षिण आणि हॅरिसबर्गपाशी हायवे १५ दक्षिण. साधारण १८० मैल. कारला सव्वातीन तास, आरव्हीला चार धरा. वॉशिंग्टनकडून २७० ने फ्रेडरिक आणि तिथून १५ उत्तर, साधारण ८० मैल. गावाजवळ आल्यावर चूक होते ती एकच. नकाशा हायवे ३० वरून थेट गावाच्या मध्यात, लिंकन स्क्वेअरच्या गोल चौकात नेतो. तिथे चारही बाजूंनी रहदारी, कडेला लावलेल्या गाड्या आणि रस्ता ओलांडणारे पर्यटक. आरव्हीचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच बाहेर असतो. उजवीकडे वळताना तो डावीकडे झुकतो आणि शेजारच्या गाडीला घासतो. त्यामुळे हायवे १५ वरच राहा आणि आपल्या कॅम्पग्राउंडच्या एक्झिटलाच उतरा: यॉर्क रोड, हॅनोव्हर रोड, बाल्टिमोर पाईक, टॅनीटाऊन रोड किंवा एमिट्सबर्ग रोड.

चालू गाडीत सगळे पट्टा लावून बसलेले हवेत. मागे टॉयलेट आहे म्हणून मुलांना उठू देऊ नका. बाजूला तोंड करून असलेल्या सीटवर कार सीट लावता येत नाही, ते आरव्ही ठरवतानाच बघा. ट्रेलर ओढत असाल तर आत कोणीही बसायचं नाही.

पोचल्यावर: जोडणीचा क्रम

उजेडात पोचा. चारच्या आत पोचलात तर उत्तम. आधी खाली उतरून जागेभोवती एक फेरी मारा. वीजेचा खांब, नळ आणि सांडपाण्याचं भोक डाव्या बाजूला असतात. झाडाच्या खालच्या फांद्या आणि टेबल कुठे आहे ते बघा. गाडी लावताना एक माणूस मागे, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा उभा. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आधीच बोलून ठेवा. ओरडून ऐकू येत नाही, फोन स्पीकरवर ठेवा.

मग पातळी. गाडीच्या आत, जमिनीवर लेव्हल (पाणसळ) ठेवून बघा आणि खाली गेलेल्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून गाडी त्यांवर चढवा. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर हे टाळू नका. तिरक्या गाडीत त्याच्या नळ्यांमधला द्रव फिरत नाही, फ्रिज थंड होत नाही आणि आतून खराब होतो. पातळी जमली की चाकांना ठोकळे लावा आणि मगच गाडी स्थिर ठेवणारे पाय, पायऱ्या आणि स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढा.

वीज: खांबावरचा ब्रेकर आधी बंद. सर्ज प्रोटेक्टर लावा, ब्रेकर चालू करा, प्रोटेक्टरचे दिवे बरोबर आहेत का बघा. उलट जोडलेली वायर किंवा अर्थिंग नसलेला खांब इथेच कळतो. दिवे ठीक असतील तर ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची केबल जोडा आणि चालू करा. दिवे चुकीचे दिसले तर ऑफिसला सांगून जागा बदलून घ्या, स्वतः काही दुरुस्त करू नका.

पाणी: पांढरा किंवा निळा, पिण्याच्या पाण्याचा पाईप वापरा. बागेचा हिरवा पाईप नको. नळाच्या तोंडाशी प्रेशर रेग्युलेटर लावा, ४० ते ५० पीएसआयचा. तो गाडीच्या टोकाला लावला तर पाईपवर पूर्ण दाब येतो आणि पाईप फुटतो. गाडीच्या अंगावर सारखी दिसणारी दोन-तीन भोकं असतात, इथे घोळ होतो. 'सिटी वॉटर' लिहिलेल्या ठिकाणीच जोडा. काळ्या टाकीच्या फ्लशला पाईप जोडून नळ सोडला तर मैल्याची टाकी भरते आणि घाण पाणी टॉयलेटमधून किंवा छतावरच्या नळीतून वर येतं. जोडल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा. आधी फसफस होईल, मग सलग धार येईल. ही धार येईपर्यंत वॉटर हीटर चालू करायचा नाही, रिकाम्या हीटरची कॉइल काही मिनिटांत जळते.

सांडपाणी: हातमोजे घाला. तीन इंची पाईप आधी गाडीला, मग कोपऱ्याच्या जोडाने जमिनीतल्या भोकाला पक्का बसवा. पाईप गाडीकडून भोकाकडे सारखा उतरता हवा, मध्ये झोळ पडला तर पाणी साचतं.

टाक्यांचं गणित

तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, करड्या पाण्याची म्हणजे सिंक आणि अंघोळीची, आणि काळी म्हणजे टॉयलेटची. फुल हुकअप आहे म्हणून काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग तळाशी साचून दगडासारखा होतो आणि तुंबतो. तो व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी आत सोडा.

आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय असते, ती या टाकीला सोयीची आहे, पाणी जितकं जास्त तितकं तुंबणं कमी. फक्त टाकी लवकर भरते. चार-पाच माणसं असतील तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघाच. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, आत टाकायचे नाहीत.

रिकामी करताना आधी काळी, मग करडी. करड्या टाकीतल्या साबणाच्या पाण्याने पाईप धुतला जातो. त्यासाठी निघायच्या आदल्या दिवशी करड्याचा व्हॉल्व्हही बंद ठेवा, म्हणजे पुरेसं पाणी साठेल.

स्वयंपाक

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, एवढंच तुमच्याकडे आहे. छतावरचा एसी सुमारे १,५०० घेतो. वॉटर हीटर वीजेवर असेल तर १,४०० च्या आसपास. त्यात इंडक्शन शेगडी १,८०० वर लावली की ब्रेकर पडला. जुलैतल्या दुपारी एसी बंद करणार नाहीच, म्हणून हीटर गॅसवर ठेवा. इन्स्टंट पॉट हजार वॉटच्या आसपास घेतो, तो एसीबरोबर चालतो. मायक्रोवेव्ह लावायच्या आधी इन्स्टंट पॉट बंद झालाय का बघायचं, ही सवय एकाच माणसाकडे द्या.

आतल्या गॅसच्या शेगड्या लहान आणि जवळजवळ असतात. पाच लिटरचा कुकर ठेवला की शेजारी कढई बसत नाही. पोहे, खिचडी, अंडाभुर्जी यांना हे पुरतं. मिरचीची फोडणी आणि मासे तळणं बाहेर टेबलावर, वेगळ्या शेगडीवर करा. आत केलंत तर छतावरची खिडकी आणि पंखा चालू ठेवूनही धुराचा अलार्म वाजतो. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका. त्या छोट्या डब्यात आग लागली तर तोच पहारेकरी आहे. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वेगळे असतात, तेही चालू ठेवा.

ताटातलं उरलेलं वरण, भाताची पेज, तेल सिंकमध्ये जाऊ देऊ नका. करड्या टाकीत ते नासतं, दुसऱ्याच दिवशी वास येतो आणि पातळी दाखवणारे सेन्सर चिकटून बसतात. भांडी आधी पेपर टॉवेलने पुसा, मग धुवा. शेकोटीसाठी घरून लाकडं आणू नका, झाडांना लागणारी कीड त्यांतून पसरते. कॅम्पग्राउंडच्या दुकानातच घ्या. बाहेर जाताना छत्रीसारखं बाहेर काढलेलं छत गुंडाळून ठेवा. इथे उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस अचानक येतो आणि उघडं छत मुळापासून उपटून नेतो.

तीन दिवसांची रणभूमी

पार्कला प्रवेश फी नाही. व्हिजिटर सेंटरमधलं म्युझियम, फिल्म आणि सायक्लोरामा यांचं तिकीट असतं. सायक्लोरामा म्हणजे पॉल फिलिपोटो यांनी काढलेलं ३७७ फूट लांब, ४२ फूट उंच गोलाकार चित्र, तिसऱ्या दिवसाच्या हल्ल्याचं. हे सगळं पहिल्या दिवशी दुपारी, उन्हाच्या वेळेत पाहून घ्या.

परवानाधारक गाईड घ्याच. कठीण परीक्षा देऊन त्यांना परवाना मिळतो, ही पद्धत १९१५ पासून आहे. गाईड तुमच्याच कारमध्ये बसतो, बहुधा गाडीही तोच चालवतो आणि दोन तास सांगत राहतो. आधी बुकिंग करा आणि कोणत्या भागात रस आहे ते सांगा. हे पहिल्या सकाळी केलंत तर पुढचे दोन दिवस स्वतः फिरताना खुणा ओळखीच्या वाटतात.

बाकी फिरणं लढाईच्या क्रमाने करा. स्वतः फिरण्याचा गाडीरस्ता सुमारे २४ मैलांचा आहे, एका दमात करू नका. पहिला भाग गावाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला: मॅकफर्सन रिज, ओक रिज. इथे जॉन ब्युफर्डच्या घोडदळाने कॉन्फेडरेट सैन्याला अडवून धरलं आणि दिवस संपता संपता युनियन सैन्य गावातून मागे हटून सेमेटरी हिलवर गेलं. हे नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवा, कारण पुढचे दोन दिवस ती टेकडी का महत्त्वाची होती ते इथेच कळतं.

दुसरा भाग दक्षिणेला: पीच ऑर्चर्ड, व्हीटफिल्ड, डेव्हिल्स डेन, लिटल राउंड टॉप. लिटल राउंड टॉपची गाड्यांची जागा लवकर भरते, नऊच्या आत पोचा. टेकडीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या दरीतले डेव्हिल्स डेनचे प्रचंड खडक स्पष्ट दिसतात, संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांत येतं. खडकांमध्ये फटी खोल आहेत, मुलांना एकटं सोडू नका.

तिसरा भाग चालून पाहायचा. सेमिनरी रिजवर व्हर्जिनिया मेमोरियल आहे, वर घोड्यावर बसलेला कॉन्फेडरेट सेनापती जनरल ली. तिथून सुमारे साडेबारा हजार सैनिक मोकळ्या शेतातून समोरच्या दगडी कुंपणाकडे चालत गेले, तोच पिकेट्स चार्ज. अंतर जवळजवळ एक मैल. दुरून शेत सपाट दिसतं. चालू लागलं की जमीन हलकेच खाली जाते, समोरचं झाडांचं झुपकं नाहीसं होतं, मग पुन्हा वर येतं. कुठे आडोसा होता आणि कुठे उघड्यावर तोफेच्या तोंडी यावं लागलं ते पायांना कळतं. वाटेत एमिट्सबर्ग रोड ओलांडावा लागतो. त्यावर रहदारी चालू असते, मुलांचा हात धरा. संध्याकाळी पश्चिमेकडून निघालात तर ऊन पाठीवर राहतं. एका ड्रायव्हरने कार वळसा घालून पलीकडे आणून ठेवावी, म्हणजे परत चालावं लागत नाही. माणशी एक लिटर पाणी आणि बंद बूट.

सोल्जर्स नॅशनल सेमेटरी शेवटी ठेवा. ३,५०० हून जास्त युनियन सैनिक इथे आहेत. नाव न कळलेल्यांच्या जागी जमिनीलगत फक्त आकडा कोरलेले लहान चौकोनी दगड आहेत. १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकन इथल्या समारंभात दोनेक मिनिटं बोलले. आत खाणं, पळापळ, मोठ्याने बोलणं नको.

पार्कमध्ये मेटल डिटेक्टर आणि ड्रोन यांना बंदी आहे, सापडलेली गोळी किंवा बटण उचलणंही गुन्हा आहे. तोफांवर आणि स्मारकांवर चढायचं नाही. उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. फिकट रंगाची फुल पँट मोज्यात खोचा, डीट असलेलं औषध फवारा आणि रात्री अंघोळीच्या वेळी मुलांचे गुडघ्यामागचे, काखेतले, कानामागचे भाग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-तूप लावत बसू नका.

निघताना

अकराच्या आत जागा सोडायची असते, म्हणून नऊला सुरुवात करा. काळी टाकी, मग करडी, मग पाईप धुऊन वेगळ्या डब्यात. पाणी बंद करून नळ उघडा, दाब जाऊ द्या, मग पाईप सोडा. खांबावरचा ब्रेकर बंद करून मगच केबल काढा. प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद, फ्रिजचं दार कडीने बंद, छतावरच्या खिडक्या, अँटेना, स्लाइड, पायऱ्या आत. चाकांचे ठोकळे सगळ्यात शेवटी. हे एकाने करावं आणि दुसऱ्याने यादी हातात घेऊन भोवती फिरून तपासावं.

सप्टेंबरनंतर गेला असाल तर अजून एक फेरी मारा. पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये बर्क्स काउंटीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड पहिल्यांदा सापडली आणि ती गाड्यांवरून आणि सामानावरून पसरते. तिची अंडी चिखलाचा करडा ओघळ वाळल्यासारखी दिसतात. चाकांच्या कमानी, बंपरची आतली बाजू, गुंडाळलेलं छत आणि बाहेर ठेवलेल्या खुर्च्यांचे पाय बघा. दिसली तर जुन्या कार्डाने खरवडून हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका, पिशवी घट्ट बांधा आणि कॅम्पग्राउंडच्या कचऱ्यात टाकून मगच गाडी सुरू करा.